उसनं पाणी

जून उजाडला की मुंबईची वर्तमानपत्रं एक छोटी चौकट छापायला लागतात. ऊर्ध्व वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. नावांपुढे आकडे असतात. आजचा साठा, गेल्या वर्षी याच तारखेला किती होता, त्याआधीच्या वर्षी किती. जुलैत कधीतरी बातमी येते की तुळशी भरून वाहू लागला, मग विहार, मग तानसा. गाडीत शेजारी बसलेली बाई दुसरीला सांगते, ‘तानसा भरला हं.’ सप्टेंबर सरतो, साठा शंभर टक्क्यांच्या जवळ गेलेला असतो आणि चौकट पानावरून नाहीशी होते. मग पुढचा उन्हाळा डोक्यावर येईपर्यंत हे सात तलाव कुणाच्या बोलण्यात नसतात.

मी ती चौकट वर्षानुवर्षं वाचते आहे. सातही तलाव काठोकाठ भरले की साठा साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या आसपास होतो. १ ऑक्टोबरला एवढं पाणी हाताशी असलं, तर पुढच्या जुलैपर्यंत कपात न करता निभावतं, हा पालिकेचा हिशेब. पण या सातांपैकी मुंबईच्या हद्दीत दोनच तलाव आहेत, विहार आणि तुळशी. दोघांचं पाणी मिळून एकूण साठ्याच्या जेमतेम अडीच टक्के भरतं. बाकी सगळं ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या डोंगरांमधून येतं आणि त्यातला निम्मा साठा एकट्या भातशात असतो. चौकटीत तिथल्या गावांची नावं नसतात. तलावांचीच असतात.

हे शहर सुरुवातीला विहिरींवर आणि तळ्यांवर जगलं. धोबी तलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी ही आजची बसथांब्यांची नावं एकेकाळी खरोखरीच्या पाण्याची होती. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर १७२५ सालची. तिचं पाणी आजही गोडं आहे. वस्ती वाढली, तळी आटली, घाण झाली आणि १८६० मध्ये विहारचं पाणी नळातून शहरात आलं. ते पुरेना म्हणून १८७९ मध्ये तुळशी. तेही पुरेना म्हणून १८९२ मध्ये थेट शंभर किलोमीटरवरचा तानसा. पुढे १९५७ मध्ये वैतरणेवर धरण झालं आणि ते उभं करणारे अभियंते ना. वि. मोडक यांचं नाव त्या जलाशयाला दिलं गेलं. १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा, १९८० च्या दशकात भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. त्या अभियंत्यांच्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. डोंगरातलं पाणी उताराच्या जोरावर शंभर किलोमीटर आणणं हे सोपं काम नव्हे. पण दर वेळी शहराने एकच केलं. हात आणखी लांब केला. आहे ते पाणी कसं वापरतो, हा प्रश्न मात्र दर वेळी पुढच्या धरणापर्यंत पुढे ढकलला.

मी परळच्या चाळीत वाढले. मजल्यावर एक नळ, त्याला पहाटे चारला पाणी. आई पावणेचारला उठायची. नळाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं असायचं. त्याखाली रांगेत हंडे, कळश्या, बालद्या, तेलाचे रिकामे डबे. आधी हवा यायची, नळ खोकल्यासारखा आवाज करायचा, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ धार. ‘आलं गं’ अशी हाक मजल्यावरून फिरायची. मोरीतलं पिंप भरलं की आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा. त्या पिंपावर आमचा दिवस चालायचा. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाजी धुतलेलं फरशी पुसायला, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासाच्या बालदीत. याला कुणी जलसंधारण म्हणत नसे. घर चालवण्याची ती रीत होती.

एखाद्या दिवशी पाणी आलंच नाही किंवा कुणाकडे अचानक पाहुणे आले, तर शेजारून पाणी उसनं आणलं जायचं. साखर, चहापत्ती जशी उसनी आणतात तसंच. शेजारच्या काकू मला कळशी द्यायच्या आणि त्यावर एक शब्द बोलायच्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे आमचा नंबर लागला की आई आधी त्यांची कळशी भरून त्यांच्या दाराशी ठेवायची, मग आमचा हंडा नळाखाली लावायची. ते पाणी परत करायलाच हवं, असा कुणी नियम केलेला नव्हता. तरी ते न फेडता स्वतःचं पिंप भरणारी बाई मी त्या मजल्यावर पाहिली नाही.

पुढे उपनगरात राहायला आले. बटण दाबलं की गच्चीवरची टाकी भरणारी इमारत. नळ सोडला की पाणी, रात्री दोन वाजता सोडला तरी पाणी. हे सुख मला मनापासून हवं होतं आणि ते प्रत्येक घरात असावं असं मला आजही वाटतं. पहाटे चारला उठून आयुष्य झिजवणाऱ्या बायकांच्या कष्टांचे मला गोडवे गायचे नाहीत. माझ्या आईची कंबर त्या हंड्यांनीच गेली. पण चोवीस तास पाणी मिळायला लागलं आणि ते कुणाकडून आलं हे आपण विसरलो, हे माझ्या मनाला टोचत राहतं.

ते कुणाकडून येतं हे पाहायचं असेल, तर एखाद्या मे महिन्यात कसाऱ्याची गाडी पकडावी आणि आटगावला किंवा खर्डीला उतरावं. मी अशी एकदा ओळखीच्या शिक्षिकेबरोबर शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले होते. वाटेत मुंबईकडे जाणाऱ्या जलवाहिन्या लागल्या. माणसाच्या उंचीहून मोठ्या व्यासाचे लोखंडी नळ, गंज चढलेले, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर टेकवून मैलच्या मैल गेलेले. एका जागी हवेच्या झडपेतून पाणी उडत होतं. खाली दोघी बायका कपडे धुवत होत्या, एक मुलगा प्लास्टिकचा कॅन धारेखाली धरून उभा होता. नळाला कान लावला तर आतून वाहत्या पाण्याचा घोंघावणारा आवाज येत होता. ते पाणी मुंबईला चाललेलं होतं.

पाड्यावर पोचलो तेव्हा टँकर यायचा होता. विहिरीच्या कठड्याभोवती तीस-चाळीस बायका, पोरी, चार-दोन म्हातारे. प्रत्येकीच्या हातात दोर आणि बादली, डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ. टँकर आला, ड्रायव्हरने जाड नळी विहिरीत सोडली आणि पाणी खाली कोसळायला लागलं. तळाचा गाळ ढवळून निघाला. टँकर रिकामा व्हायची वाट कुणी पाहिली नाही. चहूबाजूंनी बादल्या खाली गेल्या, दोर एकमेकांत अडकले, पोहरे एकमेकांवर आपटले. वर येणाऱ्या प्रत्येक बादलीत अर्धं पाणी आणि अर्धी माती. एका पोरीने हंड्याच्या तोंडावर ओढणीचा पदर धरून आपली बादली त्यात गाळून ओतली आणि लगेच पुन्हा खाली सोडली. अर्ध्या तासात विहिरीच्या तळाशी पुन्हा दगड दिसायला लागला.

एक बाई हंडा भरून कठड्याला टेकली. मी कुठली विचारलं तिने. मुंबईची म्हटल्यावर ती हसली. म्हणाली, ‘ताई, धरण आमच्याकडं, पाणी तुमच्याकडं. असू दे, तुम्हाला पण लागतंच ना.’ तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण शहापूरच्या लोकांच्या तोंडी सहज येते, कारण ते तसंच जगतात. या तालुक्यात पाऊस कमी पडतो असं नाही. पावसाळ्यात इथले ओढे दुथडी भरून वाहतात. पण खाली काळा पाषाण, त्यावर मातीचा पातळ थर, उतार तीव्र. पाणी जमिनीत मुरण्याआधीच नदीला मिळतं आणि नदीचं पाणी धरणात अडतं. धरणातून ते नळात जातं. पाडे उंचावर, पाणी खोल दरीत. ते उचलून वर आणायला वीज लागते, पंप लागतात, देखभाल लागते आणि छोट्या ग्रामपंचायतीकडे यातलं काहीच पुरेसं नसतं. नाशिक जिल्ह्यातल्या भावली धरणातून उताराने या गावांना पाणी आणायची योजना हाती घेतली गेली. ती लवकर पुरी व्हावी. मुंबई वाटेवरच्या ठाणे, भिवंडीला आणि काही गावांना यातलं थोडं पाणी देते, हेही खरं. पण उन्हाळा आला की शहापुरात टँकर धावायचे थांबलेले नाहीत.

आता मुंबईत परत येऊ. पालिका दिवसाला साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवते. म्हणजे ३९० कोटी लिटर. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती. आज ती थोडी जास्त धरू आणि सरळ भागाकार करू. माणशी तीनशे लिटरच्या जवळ जातो आकडा. यात कारखाने, हॉटेलं, रुग्णालयं, कार्यालयं सगळी आली, हे मान्य. तरीही महानगरातल्या माणसाला घरगुती वापरासाठी दीडशे लिटर हवेत असं देशाचं मानक सांगतं, त्याच्याशी ताडून पाहिलं तर डोकं चक्रावतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. मुंबईच्या आडात आहे. पोहऱ्यात येत नाही.

ते का येत नाही याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही आपल्या डोळ्यांसमोरची आहेत.

पहिलं, ते सारखं वाटलं जात नाही. पालिकेच्या नियमांनी झोपडपट्टीतल्या माणसासाठी दिवसाला ४५ लिटर धरलेत आणि इमारतीतल्या माणसासाठी त्याच्या तिप्पट. हा भेद कागदावरचा. प्रत्यक्षात टेकडीवरच्या वस्तीत किंवा जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला तेवढंही पोचत नाही. अनेक वस्त्यांना तर वर्षानुवर्षं नळजोडणीच नव्हती, कारण त्या बेकायदा ठरलेल्या. ‘पाणी हक्क समिती’ हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की घर बेकायदा असलं तरी त्यात राहणाऱ्या माणसाचा पाण्याचा हक्क हिरावता येत नाही. पुढे २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणलं. धोरण आलं म्हणून नळ आला असं होत नाही. आजही कित्येक ठिकाणी पाणी कॅनने विकत घेतलं जातं आणि हिशेब केला तर ते माझ्या नळाच्या पाण्याच्या कैक पट महाग पडतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्यात एक लोखंडी झाकण आहे. ठरलेल्या वेळी चावीवाला येतो. हातात कमरेएवढ्या उंचीची लोखंडी चावी, वर आडवा दांडा. झाकण उघडून तो ती खाली बसवतो आणि अंगाचा भार टाकून फिरवायला लागतो. किती आटे फिरवायचे हे त्याला पाठ असतं. एक भाग बंद करायचा तेव्हाच दुसऱ्या भागात दाब जातो. या शहरात पाणी सगळीकडे एकाच वेळी नसतं, ते असं पाळीपाळीने फिरवावं लागतं. अशीच कुणी माणसं गल्लोगल्ली फिरतात म्हणून सव्वा कोटी लोकांच्या घरी पाणी पोचतं. मी त्याला एकदा विचारलं, ‘दादा, दहा टक्के कपात म्हणजे तुम्ही काय करता?’ तो म्हणाला, ‘वेळ कमी करायचा. खालच्यांना कळतपण नाय. वरच्यांना पाणी चढतच नाय.’ २०२४ साली साठा दहा टक्क्यांच्याही खाली गेला तेव्हा ३० मेपासून पाच आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात झाली. वर्तमानपत्रात ती सगळ्या शहराची कपात होती. आमच्या इमारतीत कुणाला पत्ताही लागला नाही, कारण आमची तळटाकी मोठी आहे. मागच्या टेकडीवरच्या वस्तीत त्या आठवड्यात बायका रात्री दीड वाजता नळावर होत्या.

दुसरं उत्तर गळतीचं. पालिकेच्या पाण्यापैकी किती पाणी गळतं, चोरीला जातं किंवा हिशेबात येत नाही, याचे वेगवेगळे आकडे सांगितले जातात. ते पाव आणि एक तृतीयांश यांच्या दरम्यानचे असतात. आपण कमीत कमी धरू, पाव. म्हणजे दिवसाला हजार दशलक्ष लिटरच्या जवळ. आता त्याशेजारी दुसरा आकडा ठेवू. गारगाई नदीवर नवीन धरण बांधायचा प्रस्ताव आहे. पालघर जिल्ह्यात, तानसा अभयारण्याच्या परिसरात. त्यातून दिवसाला ४४० दशलक्ष लिटर मिळतील. त्यासाठी आदिवासी गावं उठतील आणि काही लाख झाडं जातील. म्हणजे आज जमिनीखाली, गटारात, गंजलेल्या सांध्यांतून जे पाणी वाया जातं त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यासाठी आपण एक जंगल बुडवायला निघालो आहोत. मला हे पटत नाही. कुठल्याही बाजूने विचार केला तरी पटत नाही. शहर वाढतंय, पाणी लागणार, हा युक्तिवाद मी ऐकलेला आहे. पण चाळीतल्या माझ्या आईने पिंपाला भोक असताना शेजारून दुसरी कळशी उसनी आणली नसती.

गळती काढणं अवघड आहे याची मला कल्पना आहे. काही नळ शंभर वर्षांहून जुने. त्यांच्या वर रस्ते, रस्त्यांवर मेट्रो, बाजूने गॅस, वीज, इंटरनेटच्या तारा. कुठे गळतंय हे शोधायला रात्री रस्त्यावर कान लावून फिरावं लागतं, कारण दिवसा रहदारीत आवाज ऐकू येत नाही. धरणाचं उद्घाटन होतं, सांधा बदलल्याचं होत नाही. त्यामुळे त्या कामाला ना पैसा पुरेसा मिळतो ना मान. २०२३ मध्ये जे घडलं ते मी विसरू शकत नाही. ठाण्यात कुणीतरी कूपनलिका खणत होतं आणि ते खोदकाम जमिनीखाली शंभर मीटरहून खोल असलेल्या मुंबईच्या जलबोगद्याला जाऊन भिडलं. बोगद्याला भोक पडलं. दुरुस्तीसाठी ३१ मार्चपासून मुंबईत पंधरा टक्के पाणीकपात झाली. भूगर्भातलं पाणी शोधायला निघालेलं यंत्र शहराच्या नळात घुसलं.

कूपनलिकांचा हा विषय टँकरशी जोडलेला आहे. शहरातल्या विहिरींमधून आणि कूपनलिकांमधून पाणी उपसायचं, टँकरमध्ये भरायचं आणि सोसायट्यांना, बांधकामांना, हॉटेलांना विकायचं, हा धंदा मोठा आहे. भूजलाच्या परवान्याचे नियम कडक केले म्हणून एप्रिल २०२५ मध्ये टँकरवाल्यांनी संप केला आणि चार दिवसांत कित्येक सोसायट्यांची त्रेधा उडाली. पालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेतला, तेव्हा संप मिटला. त्या चार दिवसांत कळलं की ज्या इमारतींच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव होता, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात प्यायच्या पाण्याखेरीज सगळं पाणी टँकरचं होतं.

या शहरावर आभाळाची कृपा आहे. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. तीनशे चौरस मीटरची एक गच्ची घेतली, तर वर्षाला तिच्यावर सहा लाख लिटरहून जास्त पाणी उतरतं. त्यातलं थोडंसं जरी विहिरीत, टाकीत, जमिनीत गेलं तरी संडासाचं, बागेचं, गाड्या धुण्याचं काम महिनोन्महिने भागतं. पर्जन्यजल साठवण मुंबईत २००२ मध्ये मोठ्या भूखंडांवर नव्या बांधकामांना सक्तीची झाली आणि २००७ मध्ये ही सक्ती तीनशे चौरस मीटरच्या वरच्या भूखंडांपर्यंत आली. अशा किती इमारतींच्या खड्ड्यात खरोखर पाणी उतरतं, हे पाहायला जावं. बऱ्याच ठिकाणी परवानगीपुरता खड्डा आणि त्यात प्लास्टिकच्या पिशव्या. गच्चीवरचा पाइप थेट गटाराला जोडलेला. हिंदमाता परिसरात पाणी तुंबू नये म्हणून मैदानाखाली मोठमोठ्या टाक्या बांधल्या. त्याने तिथल्या लोकांचे हाल कमी झाले, हे चांगलंच झालं. पण त्यात साठलेलं पावसाचं पाणी शेवटी समुद्रातच जातं.

समुद्राचं पाणी गोडं करण्याचा मनोरीचा प्रकल्प आहे, दोनशे दशलक्ष लिटरचा. त्याला लागणारी वीज आणि त्यातून निघणारं अति खारट पाणी पाहता तो शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे. मला त्यापेक्षा आशा वाटते ती सांडपाण्याची. वापरलेलं बहुतेक पाणी आजवर जुजबी प्रक्रिया करून समुद्रात सोडलं जात आलं. आता वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, मालाड आणि वर्सोवा इथे नवी प्रक्रिया केंद्रं उभी राहताहेत. सगळ्यांची मिळून क्षमता २,४६४ दशलक्ष लिटर. त्यातलं जेवढं पाणी शुद्ध होऊन कारखान्यांना, रेल्वेच्या डबे धुण्याला, उद्यानांना, बांधकामांना मिळेल, तेवढं भातशाचं पाणी सुटं होईल. मात्र केंद्र बांधून भागत नाही. शुद्ध केलेलं पाणी वेगळ्या नळाने गिऱ्हाइकापर्यंत न्यावं लागतं आणि ते घ्यायला कुणालातरी भाग पाडावं लागतं. हे काम पालिकेचं आहे आणि ते तिच्याकडून करून घेणं आपलं आहे.

पालिका करील तेव्हा करील. घरात काय चाललंय? जुन्या पद्धतीच्या संडासाच्या टाकीतून एका वेळी दहा लिटर पाणी जातं. चौघांच्या घरात दिवसाला वीस वेळा ती ओढली गेली तर दोनशे लिटर. वस्तीतल्या चौघांच्या कुटुंबासाठी नियमाने धरलेलं दिवसाचं सगळं पाणी १८० लिटर. पिण्याचं, स्वयंपाकाचं, अंघोळीचं, कपड्यांचं सगळं मिळून. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा दोनदा तपासून पाहिला. दोन बटणांची टाकी बसवली की हे पाणी निम्म्यावर येतं. तसंच पिण्याच्या पाण्याच्या यंत्राचं. मुंबईच्या पाण्यात क्षार मुळात कमी, तरी घरोघरी आरओ बसलेत. एक लिटर पाणी गाळायला ते दोन-तीन लिटर पाणी नळीतून मोरीत सोडतात. पालिकेच्या पाण्याला ते लागत नाही, साधं गाळणं किंवा उकळणं पुरतं. ज्यांच्याकडे बसलंय त्यांनी ती नळी निदान बालदीत सोडावी, फरशी पुसायला ते पाणी उत्तम आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी हे कुणी न सांगता करत होत्या. आणि सोसायटीत गच्चीवरची टाकी भरून वाहते तेव्हा तो आवाज सगळ्यांना ऐकू येतो. प्रत्येकाला वाटतं वॉचमन बघेल. शंभर-दोनशे रुपयांचा फ्लोट बदलायला लागतो, तो बदलायला महिने जातात.

अशा वाचवलेल्या पाण्याने काय होणार, ते शहापूरच्या विहिरीत जाणार आहे का, असं मला एकाने विचारलं. थेट नाही जाणार. पण मुंबईने आपली गळती थांबवली, वापरलेलं पाणी पुन्हा वापरलं, घरातली नासाडी कमी केली, तर पुढचं धरण मागायचं तिला कारण उरत नाही. मग गारगाईचं जंगल वाचतं आणि आज जे पाणी भातसा, तानशातून निघतं त्यातला काही वाटा आधी वाटेवरच्या पाड्यांना, मग मुंबईला, असं ठरवायला जागा होते. हे ठरवणं राजकीय आहे आणि ते मुंबईकरांनी मागितल्याशिवाय होणार नाही. शहापूरकर कित्येक वर्षं मागताहेत. त्यांच्या हंडा मोर्च्यांची बातमी मुंबईत आतल्या पानावर येते, तलावांच्या चौकटीपेक्षाही लहान.

माझी वाचकांना विनंती आहे. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पाण्याचा विषय घ्या. पाण्याचं ऑडिट करून घ्या, पर्जन्यजलाचा खड्डा उघडून बघा, फ्लोट बदला, संडासाच्या जुन्या टाक्या बदलायला नव्या टाक्या सगळ्यांनी मिळून घाऊक भावात घ्या. मत मागायला कुणी दारात आलं, तर त्याला विचारा की आपल्या प्रभागात गळती किती आणि ती कधी थांबेल. त्याच्यासमोर शहापूरचं नाव घ्या, शहापूरच्या पाड्यांना पाणी कधी देणार ते विचारा. आपण ज्यांचं पाणी पितो त्यांच्या घरात आधी पाणी पोचलं पाहिजे, हे मुंबईने स्वतःहून म्हणायला हवं. दीडशे वर्षांत ते आपण म्हटलेलं नाही.